चार बोटं कमी

ट्रॅक्टर मागे आला, रोटाव्हेटरजवळ थांबला, आणि चार बोटं कमी पडली.

मोजली ती वामनराव गुरुजींनी. गुरुजी कुठलीही गोष्ट अंदाजे सांगत नसत. ते बांधावरून खाली उतरले, चष्मा सावरून वाकले आणि ट्रॅक्टर व शाफ्ट यांच्यामधल्या फटीत त्यांनी आपला हात आडवा धरला.

"चार बोटं," त्यांनी जाहीर केलं. "अंगठा सोडून."

ज्यांनी रोटाव्हेटर पाहिला नसेल त्यांच्यासाठी इथे जरा थांबलं पाहिजे, कारण हे समजलं नाही तर पुढचं सगळं वाया जाईल. माती भुसभुशीत करण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे वाकड्या पात्यांचं एक यंत्र जोडतात, ते रोटाव्हेटर. त्याची पाती आपली आपण फिरत नाहीत. ट्रॅक्टरचं फिरणं पात्यांपर्यंत पोचवायला मध्ये एक लोखंडी दांडा लागतो, तो शाफ्ट. हा शाफ्ट म्हणजे एकात एक बसलेल्या दोन नळ्या. जुन्या रेडिओची एरियल आठवा. ओढली की लांब, दाबली की आखूड. तसंच शाफ्टचं. ओढला की तो ट्रॅक्टरपर्यंत पोचतो, आणि चालताना यंत्र वरखाली झालं तर तोही कमीजास्त होतो. गुरुजींचा शाफ्ट आखूड झाला होता आणि यापुढे तसंच राहायचं असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं.

"गुरुजी, हा सरकूनच नाही राह्यला," हिरासिंग म्हणाला.

"ओढ जरा."

"ओढूनच राह्यलो."

रोटाव्हेटर गुरुजींचा आणि ट्रॅक्टर हिरासिंगचा, अशी ही भागीदारी होती. हिरासिंग नाल्यापलीकडच्या तांड्यावरचा, वयानं चाळिशी ओलांडलेला, पण टेंभुरखेडच्या शाळेत गुरुजींच्या हाताखालून गेलेला, म्हणून गुरुजींच्या लेखी अजून चौथीतच. एक वर्ष आधी गुरुजींचं शेत, दुसऱ्या वर्षी आधी हिरासिंगचं, असा दोघांचा ठराव. यंदा पाळी हिरासिंगची होती. सोयाबीन निघालं होतं, जमिनीत अजून ओल होती, आणि ती फार तर तीन दिवस टिकणार होती. तेवढ्यात जमीन फिरवून हरभरा पडला तर पडला. पुढे ढेकळं होणार. बियाण्याचं पोतं घेऊन हिरासिंगची आई जमनी सकाळपासून बांधावर बसली होती, आणि ती बसली होती पोत्यावरच.

"कांई वेगो?" तिनं तिथूनच विचारलं. काय झालं ते तिला सांगायला कुणीच तयार नव्हतं.

गुरुजींना मात्र काय झालं ते कळलं होतं. हात फटीत असतानाच त्यांच्या डोळ्यांपुढे लाल रंगाचा एक डबा तरंगून गेला.

त्याचं असं झालं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातल्या अवजारांची पूजा असते. ओसरीवर पाट मांडून गुरुजींनी त्यावर विळा, खुरपं, कुऱ्हाड आणि मैनाबाईंची शिलाई मशीन ठेवली. रोटाव्हेटर काही ओसरी चढून येणाऱ्यातला नव्हता, म्हणून त्याचा प्रतिनिधी या नात्यानं शाफ्टला बोलावण्यात आलं. शाफ्ट आला तो काळ्या ग्रीसनं बरबटलेला. आता ज्या माणसानं पस्तीस वर्षं दर शनिवारी पोरांची नखं तपासली, त्यानं देवापुढे असला काळा हात करून आलेला पाहुणा कसा बसू द्यावा? गुरुजींनी दोन्ही नळ्या वेगळ्या केल्या. धुण्याचा सोडा आणि कढत पाणी घेऊन काथ्यानं घासघासून ग्रीसचा शेवटचा कण काढला. मग त्यांना आठवलं की फाटकासाठी आणलेला लाल ऑइलपेंट उरला आहे. उरलेली वस्तू वाया जाऊ देणं त्यांच्या तत्त्वात नव्हतं. त्या डब्यातून आधीच झोपाळ्याच्या कड्या, तुळशीचा ओटा आणि बादलीची कडी लाल झाली होती. शाफ्टच्या बाहेरच्या नळीला दोन हात बसले. आतल्या नळीलाही दोन हात बसले, कारण आत अस्वच्छ आणि बाहेर चकचकीत हा ढोंगीपणा गुरुजींना मान्य नव्हता. मशीनच्या चाकालाही, राग येऊ नये म्हणून, एक हात. मग लांब शाफ्ट पाटावर मावेना, तेव्हा रंग पुरता वाळायच्या आधीच त्यांनी नळीत नळी घालून तो दाबून आखूड केला, आणि वर झेंडूची माळ घातली.

पाहायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, शाफ्ट नवरदेवासारखा दिसतो. बाहेरून तो तसा दिसतही होता. आतल्या नळीला रंग देणारा माणूस तालुक्यात असेल, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

तर गुरुजींनी फटीतून हात काढला. खरं सांगायची हीच वेळ होती. "हिरा, चूक माझी आहे," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण दहाच मिनिटांपूर्वी, ट्रॅक्टर मागे येईपर्यंत, 'यंत्रांची निगा' या विषयावर गुरुजी दोघा मायलेकांपुढे सविस्तर बोलले होते. त्या व्याख्यानाची ऊब अजून हवेत होती.

"हिरा," ते म्हणाले, आणि आपलाच आवाज त्यांना अनोळखी वाटला, "उन्हाळ्यात ग्रीस वेळेवर दिलं होतंस ना तू?"

"देल्लं तं व्हतं गुरुजी."

"दिलं असतं तर असं झालं नसतं."

हे ऐकल्याबरोबर जमनी पोत्यावरून उठली. "मास्तरनं शिकवू शिकवू डोस्क्याचे केस पांढरे केले, अन् तू अजून तसाच," तिनं सुरुवात केली आणि पुढचं तांड्याच्या गोरबोलीत गेलं, ते बराच वेळ. हिरासिंग खाली मान घालून ऐकत राहिला. मग वाकून त्यानं दोन नळ्यांच्या सांध्यावर अंगठा घासला, अंगठ्याकडे पाहिलं, तो पॅन्टला पुसला आणि म्हणाला, "चुकलं असन गुरुजी."



त्याच दुपारी शाफ्ट गुरुजींच्या खळ्यावर आणून ठेवला, आणि बातमी पुंडलिकरावांना कळली. पुंडलिकराव म्हणजे शेजारी. एस.टी.च्या डेपोत अठ्ठावीस वर्षं काढलेली, म्हणून गावातलं कुठलंही चाक त्यांच्या सल्ल्याशिवाय फिरत नसे. ती अठ्ठावीस वर्षं त्यांनी पासच्या खिडकीत काढली होती, हा तपशील मागे पडला होता.

"डिझेल," ते शाफ्टकडे न पाहताच म्हणाले. "डेपोत आमी असे छप्पन सोडवले. डिझेल पाजाचं, घंटाभर थांबाचं, अन् हातोडा."

डिझेल पाजलं. तासभर थांबले. मग पुंडलिकरावांनी हातोडा मारला. शाफ्टचा आवाज देवळातल्या घंटेसारखा झाला, आणि पलीकडच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या हात जोडून उभ्या राहिल्या. शाफ्ट जागचा हलला नाही.

मैनाबाई तुरीला पाणी द्यायच्या गडबडीतून आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी शाफ्ट पाहिला.

"अजी, हातातली बांगडी निंगत नसली तं कोनी हातोडा मारते का? साबन लावते."

"ती बांगडी आहे अगं, हे यंत्र आहे."

"गोल हाये ना?"

 मैनाबाईंनी कपड्याच्या साबणाचा फेस करून सांध्यावर चोपडला. खालून डिझेल, वरून फेस, असा शाफ्ट अंगठीतल्या खड्यासारखा चमकायला लागला. एका टोकाला गुरुजी आणि हिरासिंग, दुसऱ्या टोकाला पुंडलिकराव, अशी रस्सीखेच सुरू झाली.

"निंगला, निंगला," पुंडलिकराव म्हणाले.

निघाले ते त्यांचे हात. शाफ्ट जिथल्या तिथे राहिला आणि पुंडलिकराव उलटे चालत जाऊन सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात बसले. बसले म्हणजे नाहीसेच झाले. बाहेर काढले तेव्हा त्यांच्या साबणलेल्या हातांना कोपरापर्यंत कुटार चिकटलं होतं. मैनाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि कामाची आठवण झाल्यासारखं करून निघाल्या. "गल्लीतल्या त्या सुरभीचा दिवाळीचा फ्राक शिवाचा हाये, मशीनवर बसाले सवड नाही, अन् मी अठी बांगड्या काढून राह्यली," असं म्हणत त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गुरुजी यवतमाळला गेले. रोटाव्हेटर घेऊन दोनच वर्षं झाली होती, हमीचे सहा महिने बाकी होते, आणि कायदेशीर मार्ग असताना हातोड्याकडे जाणं सुशिक्षिताला शोभत नाही, असं त्यांनी हिरासिंगला सांगितलं होतं. खरं म्हणजे त्यांना त्या दिवशी हिरासिंगच्या समोर राहायचं नव्हतं.

दुकानातल्या मुलीनं अदबीनं खुर्ची दिली. "सर, शाफ्टवरच्या नंबर प्लेटचा फोटो आणलाय?"

गुरुजींनी मोबाइल पुढे केला. मुलीनं फोटो मोठा केला, लहान केला, मोबाइल आडवा केला.

"सर, हे नुसतं लाल आहे."

"नंबर खाली आहे. लालच्या."

तिनं मोठ्या मनानं तो मुद्दा सोडला आणि एक छापील कागद पुढे सरकवला. त्याचं नाव होतं स्वयंघोषणापत्र. गुरुजींनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. 'मी असे घोषित करतो की, सदर अवजारास मी अथवा माझ्या कुटुंबातील कोणीही रंग, जोडकाम वा अन्य फेरफार केलेला नाही.'

गुरुजींनी वाक्य पुन्हा वाचलं. रंग हा शब्द पहिलाच होता. कागद लिहिणाऱ्यानं तो असा पुढे का घ्यावा? जोडकाम आधी घेता आलं नसतं का? त्यांनी पेन टेकवलं. उचललं. हजेरीपटावर त्यांनी कधी गैरहजर पोराला हजर लावलं नव्हतं, साहेब तपासणीला आले तेव्हासुद्धा नाही.

"सर, सही इथे," मुलगी म्हणाली.

"मुली, यात 'कोणीही' नंतर आपण स्वल्पविराम देऊ," गुरुजी म्हणाले. तो त्यांनी दिला, कागदाची घडी करून खिशात घातली आणि सही न करता बाहेर पडले. हिरासिंगला फोनवर सांगितलं, "साहेब जेवायला गेले होते." तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्यांना नको ती आठवण आली. वर्गात काही मोडलं, हरवलं, सांडलं, तर गुरुजी कधी 'कोणी केलं' असं विचारत नसत. छडी तर नाहीच. ते खुर्चीवर शांत बसत. वर्गही बसे. कुणी बोलायचं नाही, कुणी रागवायचं नाही, नुसती वाट पाहायची. आणि कधी ना कधी एक पोर उभं राही. मग गुरुजी म्हणत, "बरं. चल, आता नीट करू," आणि विषय संपे. आजवरची सर्वांत लांब वाट सव्वातीन वाजेपर्यंत गेली होती. पृथ्वीचा गोल फुटला होता तेव्हा. सव्वातीनला हिरासिंग उभा राहिला होता. मग दोघांनी मिळून खळ लावून गोल चिकटवला. आफ्रिका तेवढी उलटी बसली, आणि पुढची अकरा वर्षं टेंभुरखेडच्या पोरांना ती तशीच ठाऊक होती.

बाभुळगाव आलं तरी गुरुजी खिडकीबाहेरच पाहत होते.

गावात पोचले तेव्हा पुंडलिकराव नवी योजना घेऊन तयार होते. अंगावरचं कुटार त्यांनी झटकलं होतं, आत्मविश्वास तसाच होता.

"ओढून काढू. एक टोक ट्रॅक्टरले, एक टोक हालत नाही अशा कायले तरी. डेपोत आमी असंच करो."

हलत नाही असं रस्त्याकडेला एकच होतं. दोन लोखंडी खांबांवर उभा असलेला फलक, 'टेंभुरखेड ग्रामपंचायत आपले सहर्ष स्वागत करीत आहे'.

"ती सार्वजनिक मालमत्ता आहे," गुरुजी म्हणाले.

"मंग आपन कोन हाओ? आपनच तं सार्वजनिक हाओ."

गुरुजींनी निदान पोरांना दूर केलं. शाळा सुटून जमलेल्या दहाबारा पोरांपुढे त्यांनी रस्त्यावर खडूची रेघ ओढली आणि साखळी तुटली तर ती चाबकासारखी कशी येते, हे सगळ्यांना समजेपर्यंत सांगितलं. मग शाफ्टचं एक टोक साखळीनं खांबाला आणि दुसरं ट्रॅक्टरला बांधलं गेलं. हिरासिंगनं गियर टाकला. साखळी ताठ झाली. शाफ्ट कण्हल्यासारखा वाटला.

"सरकला," पुंडलिकराव म्हणाले.

सरकला खरा, पण फलक. आधी तो नम्रपणे वाकला, मग दोन्ही सिमेंटचे गोळे मुळांसारखे घेऊन जमिनीतून उठला आणि ट्रॅक्टरच्या मागे निघाला. इंजिनच्या आवाजात हिरासिंगला पाठीमागच्या हाका ऐकू आल्या नाहीत. तो ओढतच राहिला. थांबला तेव्हा फलक नाल्याचा पूल ओलांडून तांड्याच्या बाजूला आकाशाकडे तोंड करून पडला होता आणि वरून जाणाऱ्या बगळ्यांचं सहर्ष स्वागत करत होता. शाफ्ट होता तसाच आखूड होता.

ग्रामपंचायतीचा शिपाई रामधन सायकलवरून आला. त्यानं आधी खड्डे पाहिले, मग पुलापलीकडे पाहिलं.

"गुरुजी, मले काई म्हनाचं नाही. पन आता गाव कोठी सुरू होते, हे मले सांगा. साहेब इचारतीन."

"पेरणी झाली की जागेवर लावून देऊ, रामधन."

"लावा ना. पन अर्ज लागन. विषय, फलक उपटल्याबाबत. अन् कारन लिवा."

गुरुजींनी अर्ज लिहिला. सुंदर अक्षर, डावीकडे समास, खाली आपला विश्वासू. कारणाच्या जागी त्यांचं पेन पुन्हा अडलं. बराच वेळ विचार करून त्यांनी 'अपरिहार्य' असं लिहिलं. रामधननं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "हे तं लय मोठं कारन हाये," आणि समाधानानं घडी केली.

तिसरा दिवस उजाडला. शनिवार. ओलीचा शेवटचा दिवस. हिरासिंगनं मूठभर माती उचलून दाबली, उघडली. ती जेमतेम धरून राहिली. जमनी सकाळीच पोत्यासकट खळ्यावर येऊन बसली, आणि आज ती कुणालाच काही विचारत नव्हती. तेच गुरुजींना जास्त लागलं.

बाभुळगावहून गोविंदा आला, गॅसवर लोखंड तापवणारा. त्याचं सगळं सामान ऑटोत. सकाळची शाळा आटोपून पोरंही आली, आणि पोरं दिसली की गुरुजींना शिकवल्यावाचून राहवत नसे.

"बरं, सांगा. लोखंड तापलं की काय होतं?"

"लाल होते," सुरभी म्हणाली. ती तिसरीत होती.

"बरोबर. त्याच्या आधी?"

"गरम होते."

"तेही बरोबर. आणखी?"

"हात भाजते."

"सगळं बरोबर आहे. आणि ते थोडं फुगतं. आपण बाहेरची नळी तापवली तर ती फुगेल, आतली अजून थंड असेल, मग आतलीला काय मिळेल?"

"जागा," सगळी पोरं म्हणाली.

गुरुजींना तीन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. हे सगळं खरं होतं, शास्त्रशुद्ध होतं आणि यात त्यांचा कुठेच हात नव्हता. गोविंदानं सांधा कोरडा करून ज्योत लावली. पोरं नव्या रेघेमागे. मैनाबाई चहाची किटली आणि पाण्याची बादली घेऊन आल्या.

आधी साबणाचा वास आला. मग डिझेलचा. मग जो वास आला तो सगळ्यांच्या ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. बाहेरच्या नळीचा रंग करपून काळा पडला, ते ठीकच. पण मग सांध्याच्या तोंडाशी, जिथे आतली नळी बाहेरच्या नळीत शिरते तिथे, एक बुडबुडा आला. लाल. त्याच्या मागे दुसरा. आणि मग नळीच्या आतून तापलेला लाल रंग जिलबीच्या पाकासारखा ओघळायला लागला.

"हे आतून येऊन राह्यलं," गोविंदा म्हणाला. "आतून कोनी रंगवते काय?"

पुंडलिकरावांनी ओघळाकडे पाहिलं. मग त्यांची नजर हळूहळू मैनाबाईंच्या बादलीच्या कडीकडे गेली. तिथून दूर फाटकाकडे. तिथून ओसरीवरच्या झोपाळ्याकडे. तिथून ती परत ओघळावर आली आणि त्यांनी तोंड उघडलं. "डेपोत..."

"चूप," जमनी म्हणाली.

"गोविंदा, बंद कर घडीभर," हिरासिंग म्हणाला. ज्योत विझली. हिरासिंग ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर चढून बसला. त्यानं हाताची घडी घातली. तो काही बोलला नाही, कुणाकडे पाहिलंही नाही.

हे पाहून पोरं आपोआप खाली बसली. मैनाबाईंनी बादली ठेवली आणि त्या पायरीवर बसल्या. खळ्यावर शांतता पसरली. कुठेतरी एक कोंबडी बोलली आणि तिलाही चूक कळल्यासारखी गप्प झाली.

गुरुजीसुद्धा बसले. पस्तीस वर्षांची सवय होती. खळ्यावरच्या खाटेवर ताठ बसून, चेहरा शांत ठेवून, ते नेहमीप्रमाणे वाट पाहू लागले. कधी ना कधी उभं राहीलच कुणीतरी. घाई करायची नाही. रागवायचं नाही. त्यांनी एकेकाकडे मायेनं पाहिलं. गोविंदा नाही. पुंडलिकराव नाहीत. पोरं तर नाहीतच. अशी त्यांची चांगली दोन-तीन मिनिटं गेली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आज वर्गात उभं राहण्यासारखा एकच विद्यार्थी उरला आहे.

ते उठले. चष्मा काढला, पुसला, घातला.

"म्या केलं," गुरुजी म्हणाले. पस्तीस वर्षांची शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. "ग्रीस म्याच धुतलं. सोड्यानं. अन् आतून रंगवलं, दोन हात. हिराची काई चूक नाही."

हिरासिंग खाली उतरला.

"बरं," तो म्हणाला. "चला, आता नीट करू."

गोविंदानं पुन्हा ज्योत लावली. गुरुजी हिरासिंगच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"तुले माहीत व्हतं?"

"पह्यल्याच दिवशी. अंगठ्याले लाल लागलं ना."

"मग सांगतलं काहून नाही? तुह्या वावरातली ओल चालली व्हती लेका."

"मले वाटलं तुमी चहापानी होईस्तोर सांगसान," हिरासिंग म्हणाला. "अन् मंग म्हनलं, आपल्यासाठी गुरुजी सव्वातीनपर्यंत थांबलेच व्हते."

जमनी पुढे आली. तिचा हिशेब वेगळा होता. "मास्तर, माह्या पोरानं फुकट शिव्या खाल्ल्या. त्या आता कोनाले देऊ?"

"मले द्या," गुरुजी म्हणाले.

तिनं दिल्या. गोरबोलीतल्या तीन. गुरुजींना अर्थ कळला नाही, पण तांड्यावरची पोरं पोट धरून लोळली, त्यावरून मजकूर चांगला असावा.

मऊ झालेला रंग फार वेळ तग धरू शकला नाही. हिरासिंगनं लाकडाच्या ठोकळ्यानं दोन हलके ठोके मारले. दोन्ही बाजूंनी फडकी गुंडाळून ओढाताण सुरू झाली, आणि तिसऱ्या हिसक्याला शाफ्टनं बाटलीच्या बुचासारखा आवाज केला. आतली नळी पुंडलिकरावांच्या हातात आली. तिला घेऊन ते उलटे चालत गेले, आपल्या ओळखीच्या कुटारात शिरले, आणि या वेळी मात्र आतूनच म्हणाले, "निंगला म्हनो ना मी."

मग गुरुजी रंग खरवडायला बसले. पत्र्याच्या पट्टीनं खरवडलं, थिनरनं पुसलं, आणि हिरासिंगनं पुढे केलेल्या डब्यात दोन्ही हात घालून त्यांनी काळंकुट्ट ग्रीस नळीला चोपडलं. नखांत गेलं, मनगटावर गेलं. नळीत नळी घालताना हिरासिंगनं त्यांचा हात धरला.

"थांबा गुरुजी. दोन्ही टोकाचे जोड एका रेषेत यायले पायजे. नाईतं फिरतानी सारा थरथरते. आफ्रिकेवानी उलटं बसवू नका."

गुरुजींनी नळी फिरवून रेष जुळवली. ती बसली, सरकली, पुन्हा बाहेर आली. लोण्यातून सुरी जावी तशी. ते नुसतंच तीनचार वेळा आतबाहेर करत राहिले. शेवटी जमनीनं विचारलं, आता खेळाचं का पेराचं?

दुपारपासून ट्रॅक्टर हिरासिंगच्या शेतात फिरला. मागे काळी माती उलटत गेली, तिच्यावर बगळे उतरले, आणि सूर्य टेकायच्या आत पोतं रिकामं झालं. तांड्यावरून परतताना गुरुजी रामधनच्या घरी थांबले, अर्ज परत मागितला, 'अपरिहार्य' खोडलं आणि तिथे 'माझी चूक' असं लिहिलं. रामधनला पहिलंच कारण जास्त आवडलं होतं, पण त्यानं तसं बोलून दाखवलं नाही.

गुरुजी घराकडे आले ते शीळ घालत. हात काळे, मन स्वच्छ. फाटक उघडलं, झोपाळ्याला जाता जाता एक झोका दिला आणि घरात पाऊल टाकलं.

मैनाबाई शिलाई मशीनपुढे बसल्या होत्या. मशीनवर सुरभीचा अर्धा फ्रॉक होता. सुई वर अडकली होती. मशीनच्या लाल चाकावर त्यांचा एक हात होता, आणि चाक फिरत नव्हतं.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

 मैनाबाईंनी हाताची घडी घातली, नजर समोरच्या भिंतीवर ठेवली आणि शांतपणे वाट पाहायला सुरुवात केली.

गुरुजी खुर्चीवर टेकले होते. ते पुन्हा उठून उभे राहिले.